फितूर : एका शब्दाचे दोन मुलूख

बंगळूरच्या कन्नड वृत्तपत्रात मराठी वाचकाला अधूनमधून 'पितूरी' हा शब्द भेटतो. मथळा असतो राजकारणाचा. कोणी कोणाविरुद्ध 'पितूरी चालवली' असा त्यातील आशय. मराठी वाचकास शब्द ओळखीचा वाटतो आणि अर्थ मात्र किंचित हुकतो. कारण कन्नडमध्ये पितूरी म्हणजे कट, कारस्थान. ते बाहेरचा मनुष्यही करू शकतो. मराठीतील फितुरी बाहेरच्याला करताच येत नाही. तिला आतला मनुष्य लागतो. ज्याला वाडा ठाऊक आहे, वाट ठाऊक आहे, धन्याच्या मनातले ठाऊक आहे, आणि जो ते दुसऱ्याच्या हाती देतो, तो फितूर. पूर्वेकडे तेलुगू मुलखात शब्दाने आणखी वेगळे वळण घेतले आहे. तेथे एका बाजूला 'पितूरी सांगणे' म्हणजे घरगुती चहाडी, आणि दुसऱ्या बाजूला पितूरी म्हणजे उघड बंड. गोदावरीकाठच्या डोंगराळ भागात १८७९ साली झालेला रंपाचा उठाव आणि पुढे १९२२ ते १९२४ या काळात अल्लुरी सीताराम राजू यांच्या नेतृत्वाखालचा उठाव हे दोन्ही मद्रास सरकारच्या इंग्रजी कागदपत्रांत 'फितुरी' याच नावाने नोंदले गेले. एकाच शब्दाला पुण्यात विश्वासघात, बंगळूरात कट आणि राजमहेंद्रीकडे बंड असे तीन अर्थ मिळाले.

शब्द मूळचा अरबी. 'फुतूर' म्हणजे शैथिल्य, ताण सुटणे, जोर ओसरणे. फार्सीत त्याला बिघाड, व्यत्यय अशी छटा आली. हिंदीत 'दिमाग का फितूर' म्हणताना हाच बिघाड अभिप्रेत असतो. तेथे राजद्रोहाचा मागमूसही नाही. दख्खनच्या सुलतानशाह्यांच्या दप्तरांतून तो मराठीत आला तेव्हा मात्र त्याची जागा मनुष्याच्या डोक्यातून त्याच्या निष्ठेत सरकली. निष्ठेचा ताण सुटणे म्हणजे फितूर. मराठीने मग त्याला आपले प्रत्यय लावले, 'फितणे', 'फितवणे', 'फितवा' अशी कुळी वाढवली, आणि एक गोष्ट अशी केली की जी फार्सीत नव्हती : तिने शब्द व्यक्तीला चिकटवला. 'फितूर झाला' असे म्हणताना मराठी भाषक दोष सांगत नाही, माणसाची जात बदलल्यासारखे सांगतो. ध्वनीनेही हातभार लावला. मराठीत मडके फुटते, तसे गुपित फुटते, बातमी फुटते आणि माणूसही फुटतो. 'फितला' आणि 'फुटला' हे शब्द व्युत्पत्तीने दूरचे, पण बोलण्यात इतके शेजारी की एकाने दुसऱ्याचा अर्थ सहज उचलावा.

सतराव्या शतकात या शब्दाला किती वजन होते ते सभासदाच्या बखरीवरून कळते. कृष्णाजी अनंत सभासद याने १६९७ च्या सुमारास जिंजी येथे राजाराम महाराजांच्या आज्ञेने ही बखर लिहिली. गडांच्या व्यवस्थेचे वर्णन करताना हवालदार, सबनीस आणि सरनोबत हे तिघे एका दर्जाचे ठेवण्याचे कारण तो सांगतो, आणि ते कारण शौर्याचे किंवा काटकसरीचे नाही; गड एकाच्या हाती राहून फितव्याने जाऊ नये, हे आहे. म्हणजे फितवा हा अपवादात्मक पातक म्हणून गणला जात नव्हता. पाऊस, वणवा, उंदीर यांच्याप्रमाणे तो गृहीत धरलेला धोका होता आणि त्यावर नेमणुकीच्या पद्धतीतून उपाय केला होता. माणसाच्या स्वभावावर एवढा थोडा विश्वास आणि व्यवस्थेवर एवढा अधिक विश्वास हे त्या काळच्या राज्यकारभाराचे लक्षण फारसे लक्षात घेतले जात नाही.

बंगळूरचा संबंध येथे येतो. १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने केंपेगौडाच्या वंशजाकडून बंगळूर घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीचे ठाणे झाले. पुढील जवळजवळ अर्धशतक या कन्नड गावात मराठी दप्तर नांदले. शहाजीराजांच्या दरबारात अनेक भाषांतील कवी होते, हे जयराम पिंड्ये याच्या 'राधामाधवविलासचंपू' या काव्यावरून कळते, वि. का. राजवाडे यांनी ते १९२२ मध्ये प्रसिद्ध केले. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी या भाषा एकाच चौकात बोलल्या जात होत्या. फितूर शब्दाची कन्नडमध्ये पितूरी होण्याला अशी ठाणी अनुकूल असणार, हे वेगळे सांगावयास नको. 'चहाडी' आणि कन्नड 'चाडी' यांचे साम्यही असेच आहे. 'चहाडी सांगणे' आणि 'चाडी हेळुवुदु' हे प्रयोग तर शब्दास शब्द जुळतात. कोणी कोणाकडून उचलले, हा वाद व्युत्पत्तिकारांनी मिटवावा. दोन्ही समाजांना ती वस्तू चांगली परिचित होती, एवढे यातून दिसते.

त्या दरबाराला संशयाची झळ लवकरच लागली. २५ जुलै १६४८ रोजी जिंजीजवळच्या छावणीत मुस्तफाखानाने शहाजीराजांना कैद केले. आरोप होता शत्रूशी संधान बांधल्याचा, म्हणजे फितव्याचाच. १६४९ मध्ये त्यांची सुटका झाली ती शिवाजीराजांनी कोंडाणा आणि थोरले बंधू संभाजीराजे यांनी बंगळूर सोडून देण्याच्या अटीवर. बापाच्या निष्ठेवरील संशयाची किंमत मुलांनी किल्ल्यांनी भरली. पुढे बंगळूर परत शहाजीराजांकडे आले आणि १६६४ मध्ये होदिगेरे येथे त्यांचे निधन झाल्यावर धाकटे पुत्र एकोजी यांच्याकडे राहिले.

एकोजीराजांच्या कारभारातच या शब्दाची खरी कसोटी लागणारी घटना घडली. रघुनाथ नारायण हणमंते हे त्यांचे कारभारी. वडील नारो त्रिमल हणमंते शहाजीराजांचे कर्नाटकातील विश्वासू दिवाण. म्हणजे घराणे दोन पिढ्यांचे, घरातल्यासारखे. एकोजींशी त्यांचे बिनसले. बखरी त्याची कारणे आपापल्या परीने रंगवतात. तरुण धन्याला वडीलधाऱ्या कारभाऱ्याचा उपदेश रुचेना, हे त्यातील समान सूत्र. रघुनाथपंत तेथून निघाले, गोवळकोंड्यास मादण्णापंतांच्या कानी गोष्टी घातल्या आणि शिवाजी महाराजांकडे आले. जाताना त्यांनी काय बरोबर नेले? खजिना नव्हे, फौज नव्हे. त्यांनी नेले ते ज्ञान : कोणत्या परगण्याचा वसूल किती, कोणते ठाणे कच्चे, कोणता नाईक कोणावर रुष्ट, एकोजींचे विजापूरशी कोठवर जमते. शहाजीराजांच्या संपूर्ण कर्नाटक जहागिरीचा आतला हिशेब त्यांच्या डोक्यात होता. १६७७ च्या दक्षिण दिग्विजयाची आखणी या माहितीवाचून तशी झाली नसती.

पुढचा क्रम परिचित आहे. शिवाजी महाराज १६७७ च्या आरंभी भागानगरला गेले, कुतुबशहाशी तह झाला, जिंजी आणि वेलोर या दिशेने फौजा गेल्या. जुलै महिन्यात कोळेरून नदीच्या काठी दोघा भावांची भेट झाली. महाराजांनी वडिलांच्या दौलतीत अर्धा वाटा मागितला. एकोजी एका रात्री नदी उतरून तंजावरला निघून गेले. मग बंगळूर, कोलार, होसकोटे, शिरे हा मुलूख महाराजांच्या ताब्यात आला आणि नव्या प्रदेशाच्या कारभारावर रघुनाथपंतांचीच नेमणूक झाली. वर्षअखेरीस लढाई होऊन शेवटी तह ठरला तेव्हा बंगळूर व भोवतालचे परगणे एकोजींची पत्नी दीपाबाई यांना चोळीबांगडीसाठी म्हणून देण्यात आले. भावाभावांच्या तंट्यात शहराला आहेराचे रूप मिळाले.

रघुनाथपंत फितूर होते काय? तंजावरच्या बाजूने पाहिले तर याहून स्वच्छ उदाहरण सापडणार नाही. धन्याच्या मिठावर वाढलेला कारभारी धन्याचे मर्म त्याच्या प्रतिस्पर्ध्यास सांगतो आणि बक्षीस म्हणून त्याच मुलखाचा कारभार मिळवतो. मराठी इतिहासग्रंथांत मात्र त्यांच्याविषयी हा शब्द सहसा वापरला जात नाही. तेथे ते मुत्सद्दी, दूरदर्शी, शहाजीराजांच्या दौलतीची चिंता वाहणारे सेवक ठरतात. हा केवळ पक्षपात म्हणून सोडून देता येत नाही. त्यांची निष्ठा एका व्यक्तीशी होती की घराण्याशी, हा प्रश्न त्या काळी खरोखरच उत्तरास मोकळा होता. वारसा अविभक्त धरला तर थोरल्या भावाला हिशेब दाखवणे यात गुपित फोडण्याचा दोष कोठे राहतो? पण हा युक्तिवाद ज्यांना मिळाला नाही अशांची संख्या मोठी आहे. फितुरी हे कृत्याचे नाव नसून निकालाचे नाव आहे, अशी शंका या प्रकरणापाशी येते. 'राज्यव्यवहारकोश' हा फार्सी राज्यशब्दांना संस्कृत पर्याय देणारा कोश रघुनाथ पंडित यांच्या नावावर आहे आणि काही अभ्यासक हे पंडित म्हणजे हणमंतेच असे मानतात, तर काही ढुंढिराज व्यासांकडे बोट दाखवतात. पहिले मत खरे असेल तर फार्सी शब्दांना निरोप देणाऱ्या माणसालाच त्यातला एक शब्द जन्मभर हुलकावणी देत राहिला, असे म्हणावे लागेल. मराठीतून पुष्कळ फार्सी शब्द गेले. फितूर गेला नाही.

एकोजींना बंगळूर दूर पडू लागले. १६८७ मध्ये त्यांनी ते म्हैसूरच्या चिक्कदेवराजास तीन लाखांना विकण्याचे ठरवले. मध्येच मोगलांचा कासिमखान येऊन गेला, पण शहर अखेर म्हैसूरकडेच गेले. चिक्कदेवराजाने टपालाची जी व्यवस्था उभारली तिला कन्नडमध्ये 'अंचे' म्हणत. तिच्याविषयी मार्क विल्क्स हा इतिहासकार मार्मिक निरीक्षण नोंदवतो : हे टपाल बातमी पोहोचवण्यासाठी होते तितकेच बातमी काढण्यासाठी होते, टपालाचे अधिकारी दरबाराचे खासगी हस्तक असत आणि खालचे नोकर उघड हेर. जो पत्र नेतो तोच ते वाचतो, या सोयीचे टपाल १८८९ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानच्या टपालखात्यात विलीन होईपर्यंत, बदलत्या रूपात का होईना, चालू होते.

याच म्हैसूर राज्यात १९०५ मध्ये आर. शामशास्त्री यांना कौटिल्याच्या अर्थशास्त्राची पोथी मिळाली. ती तंजावरकडील एका पंडिताने म्हैसूरच्या ग्रंथालयास दिली होती. संस्कृत पाठ १९०९ मध्ये म्हैसूरास आणि संपूर्ण इंग्रजी भाषांतर १९१५ मध्ये बंगळूरच्या सरकारी छापखान्यात प्रसिद्ध झाले. गुपित फोडण्याच्या शास्त्रावरील भारतातील सर्वांत जुन्या आणि सूक्ष्म विवेचनांपैकी एक अशा रीतीने बंगळूरातून जगापुढे गेले. मंत्रणेच्या प्रकरणात कौटिल्य 'मंत्रभेद' हा शब्द वापरतो. मंत्र कसा भिन्न होतो याची त्याची यादी आजच्या कचेरीतही उपयोगी पडावी अशी आहे : बेसावधपणा, मद्य, झोपेतील बडबड, स्त्रीपुरुषांतील आसक्ती, चेहऱ्यावरचे भाव आणि हावभाव. पोपट, मैना आणि कुत्रे यांनीही मंत्र फोडल्याचे ऐकिवात आहे, असे तो गंभीरपणे सांगतो. मग वाद येतो तो राजाने किती जणांशी मसलत करावी हा. भारद्वाज म्हणतो, एकट्यानेच. विशालाक्ष म्हणतो, एकट्याने मसलत होतच नाही. कौटिल्य तीन किंवा चार मंत्र्यांवर थांबतो. मराठीत गुपित 'षट्कर्णी' होते, म्हणजे तिसऱ्या माणसाच्या कानी जाते, तेव्हा ते गेले असे समजतात. कौटिल्याला तेवढा धोका पत्करणे भाग वाटले. या चर्चेत मत देणाऱ्या आचार्यांपैकी एकाचे नाव पिशुन आहे. संस्कृतात पिशुन म्हणजे चहाडखोर, आणि परंपरा हा पिशुन म्हणजे नारद असे मानते. मराठीतल्या 'कळीच्या नारदा'ची वंशावळ इतकी मागे जाते.

कौटिल्याचा शब्द आणि मराठ्यांचा शब्द यांत एक फरक आहे. मंत्रभेदात दोष मंत्राला होतो. तो भिन्न होतो, पोपटानेही होतो. फितुरीत दोष माणसाचा असतो. पोपट फितूर होऊ शकत नाही.

बंगळूरच्या किल्ल्याच्या पाडावाची कथा हा फरक उघडा करते. लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या सैन्याने ७ मार्च १७९१ रोजी पेठ घेतली आणि २१ मार्चच्या चांदण्या रात्री किल्ला सर केला. किल्लेदार बहादूरखान लढता लढता पडला. मराठ्यांचा सरदार परशुरामभाऊ पटवर्धन त्या वेळी धारवाडच्या वेढ्यात गुंतलेला होता, त्यामुळे या प्रसंगी मराठी फौज तेथे नव्हती. इंग्रजी वृत्तान्त विजयाचे श्रेय तोफांनी पाडलेल्या भगदाडाला देतात. टिपूच्या पदरचा इतिहासकार मीर हुसेन अली किर्माणी मात्र खापर फोडतो ते दरबारातील खजिन्याचा अधिकारी कृष्णराव याच्या फितुरीवर. कृष्णरावाला टिपूने मारले. पुरावा काय होता, हे आता ठरवणे कठीण. परंतु पराभूत पक्षाला भिंतीपेक्षा फितूर सापडणे नेहमीच सोयीचे असते. भिंत आपली असते. त्याच मोहिमेत मे महिन्यात उलटही घडले. श्रीरंगपट्टणजवळ अन्नान्नदशा होऊन कॉर्नवॉलिसने आपल्या वेढ्याच्या तोफा स्वतःच निकामी केल्या आणि तो मागे फिरला, तेव्हा हरिपंत फडके व परशुरामभाऊ यांच्या फौजा अगदी जवळ आल्या होत्या. टिपूच्या घोडेस्वारांनी जासुदांच्या वाटा अशा रोखल्या होत्या की त्या जवळिकीची वार्ता त्याला लागलीच नाही. येथे कोणीही फितूर झाले नाही, म्हणून मित्रसैन्याचे नुकसान झाले. या यशाला मात्र कोणत्याही भाषेत नाव नाही.

फितूर हा शब्द एकदा घराण्याला लागला की पिढ्यान्‌पिढ्या सुटत नाही. १६८९ मध्ये संगमेश्वर येथे संभाजी महाराज पकडले गेले, त्याचा दोष शिर्के घराण्याकडे जावा अशी कथा रूढ झाली. तिच्या पुराव्याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. तरीही २०२५ मध्ये 'छावा' या चित्रपटातील चित्रणावर शिर्के यांच्या वंशजांनी आक्षेप घेतला आणि दिग्दर्शकाला दिलगिरी व्यक्त करावी लागली. त्याच वर्षी रायगड गेला. त्या प्रकरणातील सूर्याजी पिसाळ हे विशेषनाम तर मराठीत सामान्यनाम होऊन बसले आहे. तीनशे छत्तीस वर्षांनंतर ज्याची बदनामी न्यायालयाबाहेर लढावी लागते असा दुसरा आरोप मराठीत क्वचितच असेल.

न्यायालयात हा शब्द अखेर आलाच, पण उलटा होऊन. 'साक्षीदार फितूर झाला' हे वाक्य मराठी वृत्तपत्रांत नित्याचे आहे. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात असा शब्द नव्हता. स्वतःच्याच साक्षीदाराची उलटतपासणी घेण्याची परवानगी एवढीच तरतूद होती. कन्नडमध्ये अशा साक्षीदाराला 'प्रतिकूल' म्हणतात, जो इंग्रजी संज्ञेचा सरळ अनुवाद आहे. मराठीने मात्र जुना शब्द उचलला आणि त्याची दिशाच फिरवली. गडावरचा फितूर सांगू नये ते सांगत असे. न्यायालयातला फितूर सांगावयाचे तेच गिळतो. एक बोलून द्रोह करतो, दुसरा गप्प बसून. तरीही प्रयोग चुकीचा वाटत नाही, कारण मराठीच्या दृष्टीने मुद्दा बोलण्याचा नसून बाजू सोडण्याचा आहे.

बोलणाऱ्याची बाजू बरोबर असेल तर काय, या प्रश्नावर मात्र भाषा बराच काळ अडखळली. वृत्तपत्रांनी 'गौप्यस्फोट' हा भारदस्त शब्द चालवला. त्यात फोडणारा दिसत नाही, फक्त आवाज ऐकू येतो. व्याकरणशास्त्रात स्फोट म्हणजे ज्यातून अर्थ प्रकट होतो ते. वृत्तपत्रांच्या स्फोटातून पुष्कळदा अर्थापेक्षा धूर अधिक निघाला, हा भाग वेगळा. बंगळूरच्या विधानसौधाने अशा स्फोटांचे दोन मोठे प्रसंग पाहिले. १९८८ मध्ये राजकीय व्यक्तींचे दूरध्वनी चोरून ऐकले जात असल्याचे उघड झाले आणि मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांनी राजीनामा दिला. येथे गुपित होते ते गुपित ऐकण्याचेच. जुलै २०११ मध्ये बेकायदा खाणकामावरील लोकायुक्त संतोष हेगडे यांचा अहवाल सरकारला सादर होण्यापूर्वीच त्यातील मजकूर वृत्तपत्रांत आला, आणि महिनाअखेरीस मुख्यमंत्री येडियुरप्पा पायउतार झाले. तो मजकूर ज्याने कोणी बाहेर दिला, त्याला फितूर म्हणण्याचे धाडस कोणी केले नाही.

अशा माणसाला मराठीने दिलेले नाव गावगाड्यातून आले आहे. 'जागल्या' म्हणजे रात्री गाव राखणारा, गस्त घालणारा, चोर दिसताच हाक देणारा. आतल्या गैरव्यवहाराची वाच्यता करणाऱ्यास हा शब्द लावण्यात येऊ लागला, आणि २०१४ मध्ये संसदेने अशा व्यक्तींच्या संरक्षणाचा कायदा केला तेव्हा मराठीत त्याचा उल्लेख जागल्यांचा कायदा असाच होऊ लागला. मोठी उलथापालथ आहे ही. फितूर आणि जागल्या दोघेही आतले, दोघांनाही वाट ठाऊक, दोघेही सांगतात. फरक कोणाला सांगतात एवढाच : फितूर शत्रूला सांगतो, जागल्या गावाला. मात्र ज्याचे सांगितले गेले त्या पाटलाच्या दृष्टीने दोघांतला भेद पूर्वी होता तेवढाच, म्हणजे मुळीच नाही. एकोजीराजांनाही तो दिसला नसता.

कन्नडने या बाबतीत निराळी सोय पाहिली आहे. २०१६ च्या मार्च महिन्यात कर्नाटकातील पदवीपूर्व परीक्षेची रसायनशास्त्राची प्रश्नपत्रिका दोनदा बाहेर गेली आणि परीक्षा रद्द करावी लागली. मराठी वृत्तपत्रांसाठी 'पेपर फुटला'. कन्नड वृत्तपत्रांत ती 'सोरिके' होती, म्हणजे गळती, छपरातून पाणी गळावे तशी. फुटण्याला मराठीत कोणीतरी फोडणारा लागतो. गळतीसाठी कौले तपासली जातात.